उलट्या पाण्यात चढणारी रेणुका

मन्नाएखेळ्ळीला बस दहा मिनिटं थांबते. त्या सकाळी मी खाली उतरलो होतो पेरू घ्यायला. रेणुकाला दोन दिवसांपासून पेरूची आठवण येत होती. खाणं तिला जमणार नव्हतं, पण नुसता वास घेईन म्हणाली होती. हैदराबादच्या दवाखान्यात तिचे वडील तिच्याजवळ थांबले होते, आणि मी एका दिवसासाठी दुबलगुंडीला घरी येऊन, मुलीला शाळेत सोडून परत निघालो होतो. पेरूवाली बाई तिखट-मिठाची पुडी बांधत होती तेवढ्यात फोन वाजला. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मामा फोनवर नेहमी ओरडून बोलतात, नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला हाक मारावी तसे. त्या दिवशी आवाज इतका बारीक होता की मला दुसऱ्या कानावर हात धरावा लागला. "गुरुजी, कुठवर आलाव?" मी सांगितलं.  मग म्हणाले, "सावकाश या. आता गडबड करायची न्हाई..."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पिशवी घेऊन जागेवर जाऊन बसलो. हैदराबाद येईपर्यंत ती पिशवी मांडीवर होती आणि सगळ्या बसभर पेरूचा वास सुटला होता.

त्याला आता सात आठवडे झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या होत्या. माजी राष्ट्रीय विजेत्या नौकानयनपटू रेणुका यांचं अल्प आजारानं निधन, अशा. आजार अल्प नव्हता, सात महिन्यांचा होता. आणि 'नौकानयनपटू' हा शब्द वाचून रेणुका नक्की हसली असती, कारण आमची ओळखच त्या शब्दावरून झाली.

मी तेव्हा नवा मास्तर होतो. पहिली नेमणूक मांजरेच्या काठावरच्या तिच्या गावात. नदीच्या पलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आम्ही. दोन्ही काठांवर मराठी तेवढंच आणि कन्नड तेवढंच. गावच्या मुलीनं राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं म्हणून शाळेत सत्कार ठेवला होता, आणि मराठीतलं भाषण माझ्या गळ्यात आलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं: आमच्या भगिनी नौकानयनात बाणासारखी नाव सोडतात, सरळ रेषेत, डोळ्याचं पातं लवायच्या आत... समोर ती हार घालून बसली होती, एकवीस वर्षांची, सावळी, खांद्यांनी रुंद. कार्यक्रम झाल्यावर चहा घेताना जवळ आली. "गुरुजी, भाषण चांगलं झालं. पर सरळच जायचं असतं तर मी बसनं गेले असते की."

मग तिनं तिथंच टेबलावर कपबशा मांडून मला खेळ समजावला. खळाळत्या पाण्यावर दोऱ्यांना दांड्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात. हिरव्या पट्ट्यांच्या दांड्यांमधून प्रवाहाबरोबर जायचं. लाल पट्ट्यांची जोडी आली की वळायचं आणि प्रवाहाच्या विरुद्ध, खालून वर चढत त्यातून जायचं. दांडीला नुसतं अंग लागलं तरी दोन सेकंद वाढतात. एखादी जोडी सोडली तर पन्नास. "हिरव्यात सगळेच जातेत," ती म्हणाली, "माणूस कळतंय ते लाल दांडीला."

तिच्या घरात तीन पिढ्या वल्ह्यावर जगलेल्या. पणजोबा, आजोबा, वडील, सगळे मांजरेच्या उतारावर, म्हणजे माणसं नदी ओलांडायची त्या जागी, हरिगोल चालवणारे. हरिगोल म्हणजे बांबूची विणलेली मोठी गोल टोपली, बाहेरून पूर्वी कातडं, नंतर डांबर लावलेली ताडपत्री. तिला पुढा नाही आणि मागाही नाही. तुमच्या-माझ्यासारखा वल्हं घेऊन बसला तर ती जागच्या जागी गिरक्या घेत राहते. एका पात्याच्या एका वल्ह्यानं तिला सरळ काठाला लावायचं, त्यात शेळ्या, टपालाची थैली, कधी हळदीच्या अंगानं बसलेली नवरी... मामांनी हे तीस वर्षं केलं. मग पूल झाला. पुलाच्या उद्घाटनाला मामांना पुढच्या रांगेत बसवून नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून उतारावर कुणी येईना. मामा मासे धरू लागले.

रेणुका सोळा वर्षांची असताना कारंजा धरणावर पुरात माणसं कशी वाचवायची याचं शिबिर लागलं होतं. त्यात नाव होतं तिच्या थोरल्या भावाचं, माणिकचं. ही त्याचा डबा घेऊन गेलेली. दुपारी धरणाचं पाणी सोडलं आणि खाली बांधलेला एक हरिगोल दोर तुटून वाहत निघाला. माणसं काठानं ओरडत धावत होती, आणि ही डबा खाली ठेवून पाण्यात उतरली, हरिगोल गाठला आणि परत वर घेऊन आली. ती पाण्याशी झोंबली नाही, असं तिचे कोच नंतर सांगायचे. प्रत्येक मोठ्या खडकामागं थोडं निवांत पाणी असतं. ती तिथं टेकायची, दम घ्यायची आणि पुढच्या खडकामागं जायची. अशी खडकामागून खडक चढत ती वर आली. कोचनी विचारलं, "कुणी शिकवलं तुला?" तिला प्रश्नच कळला नाही. "शिकवायचं काय त्यात? अप्पा तसंच येतेत."

माणिकची निवड झाली नाही, तिची झाली. माणिक आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी तिची ट्रंक डोक्यावर घेऊन त्यानंच तिला बसस्टँडवर पोचवलं.

पुढं ती वसतिगृहात, परक्या भाषेच्या मुलींमध्ये राहिली. अरुंद, हलकी, माणसाच्या कमरेला घट्ट बसणारी ती नाव. त्यात गुडघ्यांवर बसायचं आणि वल्हं एकाच पात्याचं. बाकीच्या मुलींना एका पात्याचं अवघड जायचं, त्या दोन पात्यांच्या वल्ह्याकडं जायच्या. हिला दोन पात्यांचं वल्हं हातात धरणं म्हणजे दोन चमच्यांनी जेवण्यासारखं वाटायचं. तीन वर्षांत ती राज्यात पहिली आली आणि पाचव्या वर्षी देशात.

सत्काराच्या चहानंतर मी तिच्या घराकडं जायची कारणं शोधू लागलो. ती सुट्टीला आली की मला मासे फार आवडायला लागायचे. आमचं घर लिंगायताचं, मी जन्मात मासा खाल्लेला नव्हता. मी मासे विकत घ्यायचो आणि शाळेच्या शिपायाला द्यायचो. मामांच्या हे लगेच लक्षात आलं. एके दिवशी म्हणाले, "गुरुजी, बसा, फिरवून आणतो." मला पोहता येत नाही. पाण्याची मला लहानपणापासून भीती. तरी बसलो. पाणी चढलेलं होतं. मधोमध नेऊन मामांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि हरिगोल गरगर फिरू दिला. मी दोन्ही हातांनी काठ धरला, डोळे मिटले, आणि शेवटी उलटी केली. काठावर रेणुका तोंडाला पदर लावून उभी होती. उतरताना मी मामांना म्हटलं, "उद्या परत येऊ का?" मामा लेकीला म्हणाले, "लई भेलाय. पर उद्या येतो म्हणायलाय."

लग्न झालं, पण आमच्या घरी सोपं नव्हतं. अव्वा, म्हणजे माझी आई, वर्षभर रेणुकाशी बोलली नाही. तिनं केलेली भाकरी खायची, तिनं भरलेलं पाणी प्यायची, पण काही सांगायचं असलं तर भिंतीकडं बघून. माझे वडील तेव्हा होते. एका सकाळी पूजा आटोपून म्हणाले, "सगळी माणसं सारखी म्हणून रोज वचन म्हणतीस तोंडानं, मग त्या पोरीकडं बघून कामून तोंड फिरवायलीस?"  त्या वर्षी वेळ अमावस्येला, उभ्या पिकाच्या पूजेला, शेतात सगळ्या भाज्यांची भज्जी वाढताना अव्वानं रेणुकाच्या पत्रावळीवर दोनदा वाढलं, आणि दुसऱ्यांदा वाढताना म्हणाली, "खा गं. वल्हं काय वाऱ्यावर मारतीस का?" एवढ्यावर ते मिटलं.

परदेशात ती एकदाच गेली. देशात पहिली आलेली रेणुका तिथं सगळ्यांत शेवटची आली. मी घाबरत घाबरत विमानतळावर गेलो होतो, काय बोलावं ते ठरवत. ती हसत बाहेर आली. रस्ताभर आणि नंतर घरी आठवडाभर ती एकच सांगत होती. तिथं नदीच नव्हती! सिमेंटचा वळणावळणाचा नाला, आणि मोठमोठ्या पंपांनी पाणी वर चढवून त्यात सोडायचे. सकाळी बटण दाबलं की नदी सुरू, संध्याकाळी बंद. मामा ऐकता ऐकता अस्वस्थ झाले. "बंद केल्यावर मासे काय करतेत?" "मासे न्हाईतच अप्पा." "मग ती नदी कशी म्हणायची?" "तेच की," ती म्हणाली, "पर अप्पा, त्या पोरी कसल्या चढत्यात... आपण सगळे जण मिळून बघायला पायजे होतं." आपण शेवटचे आलो याचं दुःख तिला झालं असेल तर ते मला कधी दिसलं नाही. तिला नवं पाणी दिसलं होतं, एवढंच दिसलं.

नीला झाली तेव्हा दोन वर्षं नाव माडीवर टांगलेली होती. नीला चालायला लागली आणि रेणुकानं नाव खाली उतरवली. तिसऱ्या महिन्यात सरावात तिचा उजवा खांदा निखळला. हात गळ्यात अडकवून ती घरी आली तेव्हा मी जे बोललो, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. ते विसरावं म्हणून मी बरेच प्रयत्न केले आहेत. मी म्हणालो, "पोरीची आई झालीस आता. अजून कुणाला काय दाखवायचंय?" ती नीलाला एका हातानं भरवत होती. म्हणाली, "दाखवायचं कुणालाच न्हाई. मला बघायचंय."

त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलायचो. ती आधी रिकामी, मग निम्मी, मग भरलेली बादली घेऊन खांदा हळूहळू वळवायची. परसात मोरीजवळ बादलीचा आवाज आला की मी पेपर तोंडासमोर धरायचो. मला तिची काळजी वाटत होती हे खरं. पण त्या काळजीत भीती मिसळलेली होती आणि भीतीत हट्ट. त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा महेश्वरला होती, नर्मदेच्या सहस्रधारेवर. मी येणार नाही म्हणून सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी शाळेतून आलो तर अव्वा कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधत होती. म्हटलं, "हे काय?" अव्वा म्हणाली, "तू येणार न्हाईस म्हणलास. मग पोरीला काठावर कोण धरायचं? मी जायलेय." श्रीशैल सोडून अव्वानं कधी लांबचा प्रवास केला नव्हता.

चौथ्या दिवशी मी सातवीच्या वर्गात असताना फोन आला. मागं प्रचंड आवाज, पाण्याचा की माणसांचा कळेना. अव्वा ओरडत होती, "पैली आली रे! उलट्या पाण्यात चढली की रे!" आणि फोन बंद पडला. मुलं माझ्याकडं बघत होती. मी फळ्याकडं तोंड करून अर्धवट राहिलेलं गणित पूर्ण केलं, आणि ते चुकलं.

ती घरी आली तेव्हा भांडण होईल, निदान अबोला चालू राहील, असं मी धरून चाललो होतो. तसं काही झालं नाही. तिनं झोपलेली नीला माझ्या हातात दिली, चेहऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "जेवलाव का?" तेवढंच. बाकी सगळ्या स्पर्धांबद्दल ती भरभरून बोलायची, कपबशा मांडायची. ह्या एका शर्यतीबद्दल ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मला लाज वाटत होती. ती का बोलली नाही, ते मी कधीतरी विचारायला हवं होतं...

त्यानंतर ती स्वतः उतरली नाही. कारंज्याच्या कालव्यावर जिथं पाणी टप्प्याटप्प्यानं खाली पडतं, तिथं दोन बाभळींना दोर बांधून, मामांनी कापलेल्या बांबूंना लाल-हिरवा रंग देऊन तिनं दांड्या टांगल्या. आसपासच्या मुलींना शिकवायची. आयांना बांधावर बसवून सांगायची, पोरगी पडंल, भिजंल, परत वर येईल, तुम्ही ओरडू नका. त्यातल्या दोघी आज राज्याकडून खेळतात. आमच्यात माणसाला शेतात पुरतात, त्या दिवशी त्या आल्या होत्या. माती द्यायची वेळ आली तेव्हा दोघींनी मातीबरोबर ओंजळभर पाणीही दिलं.

पोटात दुखतंय हे तिनं फार दिवस सांगितलं नाही. कलबुर्गीला तपासण्या झाल्या, आणि तिथून हैदराबाद. दवाखान्यात तिला आडवं पडवायचं नाही. ती पलंगावर गुडघे मोडून बसायची, नावेत बसायची तशीच. नर्स रागवायच्या, उशा लावून आडवं करून जायच्या, आणि वळून बघावं तर ही परत गुडघ्यांवर. म्हणायची, "असं बसलं की जरा बरं वाटतंय हो." शेवटच्या आठवड्यात गुडघेही साथ देईनात. तेव्हा मामा तिच्या पाठीमागं बसून तिला धरून ठेवायचे.

घरात आता तिच्या वस्तूंना कुणी हात लावत नाही. नाव माडीवर आहे. नीला शाळेतून आली की सरळ वर जाते, थोड्या वेळानं खाली येते, आणि मी आणि अव्वा तिला काही विचारत नाही. मला सगळ्यात जास्त छळतं ते हे की रेणुकाचं काय काय मी पाहिलं त्यापेक्षा मी जे पाहिलं नाही तेच मला सारखं आठवतं. ती एक शर्यत. तिचं कुणी चित्रण केलेलं नाही. मी तिच्या कोचना विचारलं, सोबतच्या मुलींना विचारलं. वेळ मिळाली, निकालाचा कागद मिळाला. त्यावरून काय कळणार?

गेल्या रविवारी दुपारी नीला मामांकडं गेली होती. अव्वा सोप्यात बसून तूर पाखडत होती. मी दारात उभा होतो. म्हटलं, "अव्वा, ती महेश्वरची शर्यत सांग."

अव्वाचा हात थांबला. "आता कामून इचारायलास?"

"सांग."

अव्वानं सूप खाली ठेवलं. "मला काय कळतंय त्यातलं? आधी नुसतं पाणी दिसायलं. दगडातून एवढं पाणी, पांढरं फेक... पोरगी माझ्या काखेत. मग ही आली वरनं. हिरव्या दांड्या गेली, गेली, गेली, सापावानी. लोक टाळ्या वाजवायले. मग लाल आली, आन ही वळली. वळली तर पाणी तिला खाली ढकलायलंय, आन खांदा तर तसला. एकदा गेली खाली. मी डोळे झाकून घेतले, शिवा शिवा म्हणायले. उघडून बघते तर एका खडकाच्या मागं बसलीय गपचीप, म्हशीवानी. दम घ्यायलीय. मला वाटलं सोडली आता. मग अशी..." अव्वानं दोन्ही हात एकत्र धरून डाव्या बाजूनं खोल ओढले, एकदा, दोनदा, तीनदा. "चढली की रे. दांडीला अंग न लावता."

"मग?"

"मग खाली काठाला लागली, टोपडं काढली डोक्यावरचं, पोरीला घेतली."  सुपातला एक खडा निवडून अव्वानं अंगणात टाकला. "एक सांगू का? रागावू नको. पोरीला घेतली आन माझ्या मागं बघायली. म्हणलं काय बघायलीस गं? तर म्हणली, आत्या, ते आलेत का? माझ्या तोंडातनं निघून गेलं, आलाय की. पाण्याला भेतंय त्ये, तिकडं लांब झाडाखाली उभारलंय."

"तिनं काय केलं मग?"

"मग हात केली की त्या झाडाकडं. लई येळ केली. तिथं एक चहावाला होता आन दोन म्हशी होत्या."

"तिला कळलं असेल का गं, अव्वा? नंतर तरी?"

"कळलं न्हाई म्हणतोस? ती काय खुळी होती?" अव्वा डोळे पुसत हसली. "रेल्वेत बसल्यावर म्हणली, आत्या, ते आपल्याआधी घरी पोचले असतील बघा. लांब उभारणारे लवकर निघतेत. आन हसायली. मी बी हसायले. त्याच्यावर आम्ही दोघी कधी बोललो न्हाई."

बाहेर उन्हं कलली होती. अंगणात वाळत घातलेल्या तुरीवर चिमण्या उतरल्या तरी अव्वा त्यांना हाकलेना. मी विचारलं, "हात कसा केला होता?"

"उजवा खांदा दुखायलता नं," अव्वा म्हणाली, "म्हणून डावा." तिनं पदराला हात पुसला आणि डावा हात डोक्याच्याही वर उचलून, बोटं पसरून, सावकाश हलवून दाखवला. हलवतच राहिली. मी दारात उभा होतो... मीही हात वर केला.